पाच पेडांची वेणी

"कोनं घातली वं वेणी?" रंभाबाईनं दारातच विचारलं.

सहा वर्षांची रुखमिणी ओसरीवर पाय सोडून बसली होती. सकाळी राइस मिलमध्ये तांदूळ पाखडायला निघताना रंभाबाईनं तिचे केस नुसते फडक्यानं बांधले होते. आता दुपारी पाहते तर पाठीवर घट्ट, पाच पेडांची वेणी. तुमसरात अशी वेणी कोणी घालत नसे.

"मायनं," रुखमिणी म्हणाली.

तिची माय तीन आठवड्यांपूर्वी तुमसर रोड स्टेशनच्या बाकावर तापानं गेली होती. जवळ तिकीट नव्हतं, चिठ्ठी नव्हती. गावाचं नाव पोरीला सांगता येईना. पोलिसांनी तिला भंडाऱ्याच्या बालगृहात पोचवलं. रंभाबाईचा नवरा तुलाराम स्टेशनवर पॉइंट्समन होता, गाड्यांचे रूळ बदलणारा. ती पोर त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. लग्नाला बारा वर्षं होऊन घरात मूल नव्हतं. दोघं भंडाऱ्याला गेले. "नातलग सापडले तर परत द्यावी लागेल," अधीक्षकबाईंनी बजावलं. रंभाबाईनं मान हलवली आणि कागदावर सही केली.

वेणी शेजारच्या निर्मलाबाईनं घातली असेल, असं तिला वाटलं. विचारायला गेली, तर निर्मलाबाई उलट चिडली. "मी कायले हात लावू? तुही पोरगी दिवसभर भिंतीसंग बोलत बसते. मले तं भेव लागते बाई!"

दुसऱ्या दिवशीही वेणी होती. तिसऱ्या दिवशीही. केसांना तिळाच्या तेलाचा वास येत होता. रंभाबाईच्या घरात खोबरेलाशिवाय तेल नव्हतं.

रात्रपाळी करून आलेला तुलाराम त्या दिवशी मागच्या दाराला कडी घालून, कोणी आत येऊ नये म्हणून पुढच्या दारातच खाट आडवी टाकून झोपला. उठला तेव्हा पोरीची वेणी झालेली. मग तो बायकोला अंगणात बोलावून हळूच म्हणाला, "स्टेशनवर त्या बाईच्या अंगावर मीच चादर टाकली होती. तिची वेणी अशीच होती."

रंभाबाईनं वळून ओसरीवरच्या पोरीकडे पाहिलं.

"सोमवारी पोरीले वापस नेऊन देतो," तुलाराम म्हणाला. "आपल्याच्यानं नाही होत हे."

भीती रंभाबाईलाही वाटत होती. पण भीतीखाली आणखी काहीतरी सलत होतं. पोर आपल्या ताटात जेवते, आपल्या कुशीत झोपते, आणि केस मात्र दुसरीकडून विंचरून घेते.

शनिवारी ती मिलमधून लवकर निघाली आणि मागच्या दारानं घरात शिरली. लख्ख ऊन होतं. खिडकीतून उजेडाचा पट्टा जमिनीवर पडला होता. रुखमिणी भिंतीकडे पाठ करून बसली होती, दोन्ही हात मांडीवर. तिची मान मधूनमधून मागे ओढली जात होती, केस विंचरताना ओढली जाते तशी. आणि पाठीवर केसांचे पेड एकमेकांवर चढत होते.

रंभाबाईला पळावंसं वाटलं. पण पोरीचा चेहरा इतका निवांत तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं पदर सावरला.

"बाई," ती म्हणाली. "मी रंभा. तुही पोरगी माह्यापाशी आहे. मी तिले कुठं जाऊ देत नाही. पन मले हे वेणी येत नाही. दाखवून दे."

पेड थांबले.

ती पोरीच्या मागे, भिंतीला खेटून बसली. अर्धी वेणी हातात घेतली. उन्हाळ्याच्या त्या दुपारी केस गार लागले. तिनं एक पेड वरून टाकला.

"तसं नाही," मागे न वळता रुखमिणी म्हणाली. "खालून घे, म्हनते माय."

रंभाबाईनं खालून घेतला. मग पुढचा. असं करत ती शेवटपर्यंत गेली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "पोरगी कुठंच जात नाही."

"आन् ते?"

"ते तिची माय आहे. तुमी नका भिऊ."

तुलारामनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सोमवारचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी मिलला जाण्याआधी रंभाबाईच वेणी घालू लागली. दुपारी येऊन पाही, तर तिनं घातलेलीच, जराशी सैल झालेली. तिळाचा वासही गेला. चौथ्या दिवशी रुखमिणी ओसरीवर दिसली नाही. आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. रडून रडून डोळे सुजले होते.

"काय झालं वं?"

"माय येत नाही आता."

"काहून?"

"तुले वेणी येते ना," रुखमिणी म्हणाली. "म्हनून."

रंभाबाईला हेच तर हवं होतं. तरी तिला 'मी आहे ना' म्हणवेना. हातातला डबा खाली ठेवून ती त्याच भिंतीशी बसली, पोरीला अगदी खेटून नव्हे. दोघींच्या मध्ये एक बाई बसेल एवढी जागा तिनं मोकळी सोडली.