भोकाची कड

प्लंबरच्या मुलीने फिजिक्सच्या प्रोजेक्टला पाणीच निवडावं, यात नवल नव्हतं. घरात तिला मास्तरीण म्हणत, कारण बापाला शिकवल्याशिवाय तिला स्वतःला समजल्यासारखं वाटायचं नाही. अंगणात टेबलावर प्लास्टिकचा डबा, त्याला तापल्या खिळ्याने पाडलेलं भोक, आणि त्यातून निघून वळत फरशीवर पडणारी धार.

"धार आडवी निघते, बाबा. खाली पडायला किती वेळ लागतो ते उंचीवरून कळतं. तेवढ्यात ती किती लांब गेली ते टेपने मोजायचं, की वेग निघाला."

तीस वर्षं पाणी खेळवलेल्या माणसाला हे नवीनच होतं. तो खूश झाला. फक्त ते भोक त्याच्या डोळ्यांत सलत होतं. वितळलेल्या प्लास्टिकची कड वर आलेली, धार फिसकटलेली. असलं काम, आणि त्याच्या घरात! शनिवारी मोजमापं वहीत लिहून ती क्लासला गेली आणि त्याचे हात शिवशिवले. कानस घेऊन त्याने कड साफ केली. धार काचेच्या कांडीसारखी सरळ निघाली. सांगायचं मात्र राहून गेलं.

रविवारी मास्तरीण टेप धरून बसली ती उठेचना. पाण्याची पातळी तीच, उंची तीच. काल धार चौसष्ट सेंटीमीटरवर पडत होती, आज बहात्तरवर. दहादा मोजून तिने वही मिटली.

"उद्या द्यायचंय, आणि मला साधं मोजता येत नाही. फिजिक्स माझ्या आवाक्यातलं नाहीच. उद्या पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये विषय बदलून टाकते."

प्लंबर तिच्या शेजारी फरशीवर टेकला. गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि पोरगी आयुष्यभर स्वतःला ढ समजली असती.

"तू बरोबर मोजलंस," तो म्हणाला. "काल मी भोकाला कानस मारली. फिसकटत होतं गं, बघवेना."

तिने वाकून भोकावरून बोट फिरवलं. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"भोक मोठं केलंत?"

"छे. फक्त कड काढली."

"म्हणजे ती कडच वेग खात होती," ती हळूच म्हणाली. वही उघडून तिने कालच्या आकड्यांखाली आडवी रेघ मारली आणि पेन्सिलीने लिहिलं: यानंतर माझ्या वडिलांनी, जे प्लंबर आहेत, मला न विचारता भोकाची कड कानशीने साफ केली.

"न विचारता, हे हवंच का?"

"हवंच. झालं ते लिहायचं."

"आणि फॉर्म?"

"राहू दे आहे तसा."

त्याने घातलेले सगळे पाइप भिंतींत बुजले होते. ते कुणी घातले हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. पहिल्यांदा लिहिलं गेलं ते आगाऊपणा म्हणून, तरी त्याला गहिवरून आलं. चष्मा लावून त्याने ती ओळ दोनदा वाचली.

"पेन्सिलीने नको," तो म्हणाला. "पेनाने लिही."