तिसऱ्या मजल्यावरची आकडी

मित्रांनो, मी काही जुना नाही हं! आपली गोष्ट सांगायला फाटकी छत्री नाहीतर मोडकी खुर्चीच असावं लागतं, असं कुठं आहे? मी बारामतीतला, तिसऱ्या मजल्यावरचा, अवघ्या तीन वर्षांचा फ्लॅट आहे. पांढरीशुभ्र संगमरवरी फरशी, हॉलमध्ये झुंबर, यायला-जायला लिफ्ट! आणि छताला एक लांबलचक ओरखडा. तो कसा पडला, तेच तर सांगायचं आहे.

मी उभा आहे तिथं पूर्वी गुळाच्या अडती होत्या. ढेपा, बैलगाड्या, नुसता गलका! मग अडती गावाबाहेर मार्केट यार्डात गेल्या आणि १९९६ साली इथं आमची इमारत उभी राहिली. मुंगळ्यांना मात्र हे कुणी कळवलंच नाही. ते अजून गूळ शोधत तीन मजले चढून येतात.

मला निरवांगीच्या सर्जेरावांनी घेतलं, मुलगी सुकन्या बारामतीत शिकावी म्हणून. ते आणि तिची आई गावी शेतावर. सुकन्याच्या सोबतीला आले तिचे आजोबा, आप्पा. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं माळावर गेलेलं. येताना त्यांनी आपली आकडी आणली. म्हणजे दोन पुरुष उंच काठी आणि टोकाला लोखंडी हूक, बाभळीचा पाला खाली ओढायला. लिफ्टमध्ये ती मावेना. जिन्यानं वर आणली आणि हॉलमध्ये वळवताना... खर्रर्र! माझं छत!

"आप्पा, हितं कुठली बाभळ आन् कुठली मेंढरं? गच्चीवर ठिवा ती," सर्जेराव म्हणाले.

शेजारच्या मुक्ताबाई दारातून हसल्या. "आप्पा, मेंढरं आणाल तवा लिफ्टनंच आणा बरं का!"

आकडी गच्चीवर गेली. त्यानंतर आप्पा माझ्या भिंतीला कधी टेकलेसुद्धा नाहीत. हॉलच्या मधोमध घोंगडं टाकून पाहुण्यासारखे बसायचे. तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आता लाज वाटते.

त्यांची एकच खोड होती. माळावर राहिलेला माणूस, दार ओढून घ्यायची सवयच नाही. माझं दार कायम सताड उघडं!

१९९९चा मार्च. सुकन्याचा दहावीचा गणिताचा पेपर, अकरा वाजता. दहाला तिनं बाल्कनीतल्या खुर्चीला दप्तर अडकवलं आणि आप्पांच्या पाया पडायला गच्चीवर पळाली. आप्पा तिथं घोंगडं उन्हात घालत होते. दार नेहमीसारखं उघडंच. वाऱ्याची झुळूक आली आणि धाडकन मी बंद! लॅच पडला. किल्ली आत, दुसरी निरवांगीत.

"आप्पा, हॉल तिकीट दप्तरात हाय!" सुकन्या रडायलाच लागली. मित्रांनो, मला किती वाटलं उघडावं! पण फ्लॅटला हात कुठं असतात?

मुक्ताबाईंनी दोघांना आपल्या बाल्कनीत नेलं. दप्तर समोर दिसत होतं, पाच हातांवर.

"मी उडी मारते," सुकन्या म्हणाली.

"गप गं! हाडं गोळा करायला लावती का?" मुक्ताबाई ओरडल्या.

तोवर आप्पा गच्चीवर जाऊन आकडी घेऊन आले होते. "मुक्ताबाई, माझं धोतर धरा घट्ट."

पहिल्या झटक्याला खुर्चीच कलली. दप्तर कठड्यावर लोंबकळलं. खाली तीन मजले!

"पडंल, आप्पा!"

"काट्यातनं कवळा पाला काढलाय म्या. ह्ये तर दप्तर हाय." हूक हळूच पट्ट्यात शिरला. दप्तर झोके घेत घेत अलीकडं आलं.

मुक्ताबाईंनी ते छातीशीच धरलं. "आणा वो आप्पा मेंढरं! जिन्यानं आणा, लिफ्टनं आणा, माझ्या घरात बांधा!"

सुकन्या धावत सुटली आणि अकराला पाच कमी असताना बाकावर बसली.

पाडव्याआधी रंगारी आला. गावाहून आलेल्या सर्जेरावांनी त्याला छताचा ओरखडा बुजवायला सांगितला. सुकन्या शिडीपुढं आडवी उभी राहिली. "त्याला हात लावायचा न्हाय." सर्जेरावांनी एकदा वर पाहिलं, एकदा आप्पांकडं. मग स्वतःच गच्चीवर जाऊन आकडी खाली आणली आणि हॉलच्या कोपऱ्यात उभी केली.

मित्रांनो, आम्हा नव्या घरांना तुम्ही फार जपता. जपा की! पण जपता जपता घरातल्या माणसाला पाहुणा करू नका. आप्पा आता माझ्या भिंतीला पाठ टेकून बसतात. तिथं त्यांच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग पडला आहे. मला तो झुंबरापेक्षा आवडतो.