एकशे बारा तिसऱ्या

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी आले, तर ओट्याखाली निळा टब आणि टबात तिसऱ्या. जिवंत. मधूनच एखादी तोंड उघडून पाणी उडवत होती.

"आई, ह्या कुठून आणल्या?" मी विचारलं. खरं म्हणजे मला कळलं होतं, पण माणूस आशा सोडत नाही.

"खाडीतून," सासूबाई खोबरं किसत म्हणाल्या. "एवढ्या पडल्यात आणि कोणी हात लावत नाही. वाळू टाकू देत रात्रभर, उद्या सुकं करते."

न्यूझीलंडमधल्या आमच्या पोरिरुआ शहराच्या उत्तरेला ही छोटी खाडी आहे आणि तिच्या काठावर एका माओरी कुळाची जुनी वस्ती. तिसऱ्यांसारखे जे शिंपले तिथे मिळतात, त्यांना ते तुआंगी म्हणतात. गटाराचं पाणी आणि बादल्या भरभरून नेणारे लोक, या दोघांनी तुआंगी संपवत आणल्या. तेव्हा दोन वर्षांपूर्वी कुळाच्या समितीने राहुई घातली. म्हणजे खाडीतून कोणी काहीही काढायचं नाही. या बंदीमागे पोलीस नाहीत, दंड नाही. लोक मानतात म्हणून ती आहे. आणि खाडीचं पाणी तपासायला समितीने नेमलेली इंजिनिअर कोण, तर मी! दुसऱ्याच दिवशी ओहोटीला तुआंगींची मोजणी होती. त्यावरून राहुई ठेवायची की उठवायची ते ठरणार होतं. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते आमच्या ओट्याखाली वाळू टाकत बसलं होतं. आमच्याच घराने बंदी मोडली हे पसरलं असतं, तर उद्यापासून ती मानायची कोणी?

"तुम्हाला पाटी नाही दिसली?"

"आय टोल्ड हर, मम्मा," इरा म्हणाली. आमची ही नऊ वर्षांची लेक. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "राहुई मीन्स डोन्ट टेक. वी लर्न्ट इट ॲट स्कूल."

"सांगितलं तिने," सासूबाईंनी किसणी बाजूला ठेवली. "पण पाण्याला हात लावू नका म्हणणारी पाटी मी वाचत नाही, अस्मिता. माझा आजा दापोलीहून महाडला चालत गेला होता. तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला. आणि मी पाटी बघून मागे फिरू?"

मला राग आला होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती. माझा नवरा चंद्रहास नेहमीप्रमाणे सोपा मार्ग घेऊन आला. "आत्ताच जाऊन गुपचूप टाकून येऊ. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," मी म्हणाले आणि नॅनी हुइयांना फोन लावला.

नॅनी हुइया, म्हणजे हुइया आजी, समितीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, वय एक्याऐंशी. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मग त्या म्हणाल्या, "उद्या घेऊन ये. आणि तिलाही घेऊन ये." फोन बंद. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

सकाळी किनाऱ्यावर तीसेक माणसं जमली होती. कोणी मोजणीच्या चौकटी वाळूवर मांडत होतं, कोणी वह्या काढत होतं. सासूबाई साडी खोचून, माझे गमबूट घालून ताठ चालल्या होत्या. मागे टब घेऊन चंद्रहास. सगळ्यांच्या नजरा त्या टबावर. माझी मान काही वर होईना.

नॅनी हुइया वाकल्या. एका तुआंगीवर बोटाने टकटक केलं, तशी ती झटकन मिटली. दुसरी मिटली, तिसरीही.

"सगळ्या जिवंत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "नळाच्या पाण्यात नाही ठेवल्या?"

इराने आजीला विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "नळाच्या पाण्यात मरतात त्या. खाडीचंच पाणी आणलं दोन कॅन भरून. एवढं तर आमच्या हर्णैला शेंबड्या पोरालाही कळतं." शेवटचं वाक्य इराने शहाणपणाने गाळलं.

मग सासूबाईंनी कोणी न विचारता महाडचं सांगितलं. तळ्यावर गुरं पाणी पीत होती आणि आमच्या माणसांना बंदी होती, आजा मार खाऊन परत आला, ते सगळं. इरा अडखळली तिथे मी मदत केली. सगळं ऐकून घेतल्यावर नॅनी हुइया बोलल्या.

"ही पाटी आधी आमच्यासाठी आहे. दोन वर्षं मी तुआंगी चाखलेली नाही. गेल्या हिवाळ्यात माझी बहीण वारली. शेवटी तिने तुआंगीचा रस्सा मागितला होता. आम्ही काढल्या नाहीत."

इराने ते आजीला मराठीत सांगितलं. अख्खी वाक्यं, मराठीत! माझ्या ते नंतर लक्षात आलं.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे ही बंदी यांनी स्वतःलाच घातलीय?"

"हो, आई."

त्यांनी नॅनी हुइयांपुढे हात जोडले. "चुकलं माझं."

शिक्षा तिथल्या तिथे ठरली. जिथून काढल्या तिथेच, स्वतःच्या हाताने, मोजून परत लावायच्या. आणि मोजायच्या माओरीत. या किनाऱ्यावर मोजणी दुसऱ्या भाषेत होत नाही, हा नॅनी हुइयांचा नियम. त्यांची स्वतःची मुलं इंग्रजीत वाढली. नातवंडांची जीभ या मोजणीत वळू लागली आहे. "तुआंगी गेल्या तर त्यांचे शब्द आम्ही कुठे ठेवायचे?" त्या मला म्हणाल्या.

सासूबाईंनी गमबूट काढून फेकले आणि चिखलात बसल्या. ताही, रुआ, तोरु, फा. इरा शिकवायची, त्या म्हणायच्या, सहावर हमखास अडायच्या. आसपासची मुलं ओरडून आठवण करून द्यायची, "ओनो!" दहा झाल्या की इरा वाळूत रेघ ओढायची. अकरा रेघा आणि वर दोन. एकशे बारा.

उठता उठता सासूबाई थांबल्या. टाचेने वाळू चाचपली, पुन्हा चाचपली. मग हात घालून मूठभर वाळू वर काढली आणि बोटाने पसरली.

"अस्मिता, पिल्लं आहेत गं इथं."

मसुराएवढ्या तुआंगी होत्या. मी चौकट आणून ठेवली, मुलांनी मोजल्या. एकाच चौकटीत त्रेचाळीस! दोन वर्षांत एकदाही नवं पिल्लू सापडलं नव्हतं, आणि आमच्या आखलेल्या चौकटी वाळूच्या या उंचवट्याच्या आडोशापर्यंत कधी पोचल्याच नव्हत्या. मी चक्क चिखलात फतकल मारून बसले आणि हसत सुटले. नॅनी हुइया रडत होत्या आणि रडता रडता सासूबाईंच्या पाठीवर थापा मारत होत्या.

पाणी चढायच्या आत समितीने तिथेच मत घेतलं. पिल्लं मोठी व्हायला हवीत, राहुई आणखी एक वर्ष. कुळातल्या लोकांचे हात वर झाले. नॅनी हुइया एकेक हात माओरीत मोजत पुढे सरकल्या आणि आमच्यापाशी येऊन थबकल्या. सासूबाईंचाही हात वर होता, कोपरापर्यंत चिखलाने भरलेला.

"आई, आपल्याला मत नाही," मी कुजबुजले.

नॅनी हुइया त्या हाताकडे बघत राहिल्या. "हा मी मोजणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मी तो पाहिला."

इराने सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली.

"बरोबर आहे. यांचं पाणी, यांनीच ठरवायचं," त्या म्हणाल्या. हात मात्र त्यांनी सगळी मोजणी संपेपर्यंत खाली घेतला नाही.