तालमीत नसलेला प्रश्न

ताईची तालीम महिनाभर चालली होती. जिभेवर बसाव्यात म्हणून धाकटीनं ओळीच बांधून दिल्या होत्या:

नाव सांगू सावकाश,
भुवईवर ठेवू नजर,
तीन आकडे हसू मोजू,
हात राहो मांडीवर.

ताई बेचाळीस वर्षांची. शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. काजं अशी की मुंग्यांची रांग निघालीय. स्वमग्न असल्याचा कागद मिळाला तोच छत्तिसाव्या वर्षी. लहान मुलांचा दवाखाना म्हणाला, वय उलटलं. मोठ्यांचा म्हणाला, हे लहानपणीच बघायचं असतं. आणि आता धाकटीच्या मणक्याचं ऑपरेशन दहा दिवसांवर आलेलं. सहा आठवडे ती अंथरुणातून हलणार नव्हती, अन् घरी तर दोघीच. ताईसाठी रोज दोन तास सरकारी मदतनीस मिळाली, तरच धाकटीचा जीव थाऱ्यावर राहणार होता.

मुलाखतीच्या दिवशी कचेरीत पंखा कुरकुरत होता, ट्यूबलाइट लुकलुकत होती, नंबर पुकारणारं यंत्र दर मिनिटाला किंचाळत होतं. ताईच्या पायाची बोटं चपलेत नाचत होती. हात मात्र मांडीवर.

"नाव?" पाहणीवाल्या बाईंनी विचारलं. ताईनं सांगितलं, सावकाश. हसली. एक, दोन, तीन.

"भात करता येतो?"

"येतो."

"दुकानात एकट्या जाता?"

"जाते."

धाकटी खुर्चीत पुढे सरकली. ताई घाबरू नये म्हणून तर तालीम. आणि ताई घाबरलीच नाही, हीच पंचाईत.

"अहो, या तर छान बोलतात," बाई म्हणाल्या. "मदत कशाला हवी?"

"मॅडम, हे सगळं मी पाठ करून घेतलंय."

"म्हणजे शिकतात की! आमचे हे वीस वर्षांत चहा शिकले नाहीत."

शेजारच्या टेबलावरचा कारकून फिसकन हसला.

"भात येतो हो, पण करायला कधी घ्यायचा, ते तिला—"

"त्यांना बोलू द्या ना. मध्ये मध्ये करू नका." बाईंनी पान उलटलं. "बहीण घरी नसते तेव्हा काय करता?"

हा प्रश्न तालमीत नव्हता. ताईसमोर तो धाकटीच्या तोंडून फुटलाच नव्हता.

ताईचे हात मांडीवरून उठले, एकमेकांत गुंतले, सुटले, पुन्हा गुंतले. नजर बाईंच्या भुवईवरून घसरून टेबलाखाली गेली.

"बसते."

"कुठे?"

"दाराजवळच्या खुर्चीवर. ती येईपर्यंत."

"मागे कधी बसला होतात?"

"हिला तपासण्यांसाठी दवाखान्यात ठेवलं तेव्हा. मंगळवारी सकाळपासून बुधवारी संध्याकाळपर्यंत."

"आणि जेवण?"

"नाही."

धाकटी गर्रकन वळली. पाठीतून कळ गेली. "ताई! मी फोन केला होता ना? तू म्हणालीस, ठीक आहे."

"कशी आहेस विचारलं की ठीक म्हणायचं. तूच शिकवलंस, छोटे."

कारकुनानं मान खाली घातली. बाईंचं पेन थांबलं.

"मंजुरीआधी घरची पाहणी, तिला तीन महिने लागतात," त्या म्हणाल्या.

"मॅडम, माझं ऑपरेशन दहा दिवसांवर आलंय, सहा आठवडे मी अंथरुणात—"

"ऐकलं हो." त्यांनी खणातून दुसरा कागद काढला. "ऑपरेशनची चिठ्ठी जोडा. सहा आठवड्यांपुरती मदतनीस देते. त्यापुढे पुन्हा अर्ज, पुन्हा रांग. माझ्या हातात तेवढंच. मदतनीस बाईला काय सांगायचं, ते बोला."

धाकटीनं ताईकडे हात केला.

ताई बोलू लागली, टेबलाखाली बघत, दम न घेता. "दाराची घंटी वाजवू नये. मागून येऊ नये. साबण बदलू नये. जेवलीस का विचारू नये, ताट समोर ठेवावं. दुखतंय का विचारलं की मी नाही म्हणते, म्हणून कुठे दुखतंय ते विचारावं. भांडी एकमेकांत घालताना—"

"जरा हळू, ताई," बाई म्हणाल्या. जागा संपली, त्यांनी पान उलटून मागच्या बाजूला लिहायला घेतलं.

धाकटी ऐकत राहिली. यातलं निम्मं तिला ठाऊक नव्हतं. घंटी तर ती रोज वाजवायची.