सुटकेचं कारण

समुपदेशक बाईंनी वहिनीला दंडाला धरून खोलीबाहेर नेलं आणि दाराला आतून कडी घातली.

"अहो, पेशंटची बायको आहे मी! घरातलीच!" वहिनी बाहेरून ओरडली.

"म्हणूनच," असं स्वतःशीच पुटपुटत बाई टेबलापाशी येऊन बसल्या.

समोर पेशंटची बहीण बसली होती. वहिनीची अशी उचलबांगडी झालेली पाहून तिला बरं वाटलं. सगळ्या तपासण्या उरकल्या होत्या. तिची किडनी दादाला चालणार होती आणि याचा आनंद तिच्याखेरीज सगळ्यांना झाला होता. वडील गेल्यापासून ती दादाशी बोलत नव्हती. ते गेल्याचा फोन त्याने तिला सगळं आटोपल्यावर केला होता, का तर म्हणे, 'तू येऊन तमाशा केला असतास.' तो राग तिने आजवर जपला होता, आणि का जपू नये?

"घरून दबाव आहे का?" बाईंनी विचारलं.

"दबाव कशाला? नुसते धाकट्याचे गोडवे गातात. धाकटा भाऊ माझा, विमा विकतो. त्याने लगेच तयारी दाखवली, पण त्याच्या किडनीच्या रक्तवाहिन्या आडव्या आल्या. 'बिचाऱ्याने हसत दिली असती.' आई हे फोनवर म्हणते, वहिनी तोंडावर म्हणते आणि दादा मला ऐकू जाईल अशा बेताने भिंतीला सांगतो."

बाईंनी आवाज खाली आणला. "हे बघा, तुमची इच्छा नसेल तर मला आत्ता सांगा. तुम्ही नाही म्हणालात हे घरी कुणाला कळणार नाही. तपासणीत बसत नाही, एवढंच आम्ही सांगतो. फारच खोदून विचारलं तर रक्तवाहिन्यांची रचना अवघड आहे म्हणतो. त्यापुढे कुणी विचारत नाही."

बहिणीने खुर्ची पुढे ओढली.

"दुसरं काही कारण नाही का?" ती म्हणाली. "हे आमच्या घरात वापरून झालंय."

"दुसऱ्या कुणाविषयी मला बोलता येत नाही," बाई म्हणाल्या. पण पेनाला टोपण लावायला त्यांना भलताच वेळ लागला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खरं तर तीही नाही म्हणायलाच आली होती. वाक्य तोंडात तयार होतं आणि आता तेच धाकट्याने आधीच उष्टं करून ठेवलेलं निघालं. जरा थांबा, असं बाईंना सांगून ती उठली. बाहेर वहिनी आडवी आली, तिला बाजूला सारून ती तडक डायलिसिसच्या खोलीत शिरली. धाकट्याचं बिंग फोडायचं आणि दादाचा चेहरा कसा पडतो ते बघायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दादा डोळे मिटून पडला होता. हाताला नळ्या लावलेल्या होत्या आणि शेजारी मशीन घरघरत होतं.

"काय, तुझं काय निघालं?" तिच्या पावलांवरून ओळखून त्याने विचारलं.

वडील गेल्यापासून त्याने तिला थेट विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

"काय निघायला हवंय?"

"काहीही. रक्तवाहिन्या सोडून. त्या धाकट्याने घेतल्या."

तिने पलंगाचा कठडा धरला. "तुला माहीत होतं?"

"विमा विकतो, पण खोटं बोलता येत नाही गाढवाला. निकाल सांगताना घाम फुटला होता."

"आणि तरी माझ्या कानीकपाळी त्याचंच कौतुक?"

"आईला कळलं असतं तर तिने त्याचं तोंड पाहिलं नसतं." दादाने डोळे उघडले. "तू नाही म्हण, तुझंही करीन. बिचारीने हसत दिली असती, म्हणेन. आईला, हिला, सगळ्यांना. मरेपर्यंत म्हणेन."

हा टोमणा होता की वचन, ते तिला कळेना, आणि त्यामुळे ती आणखीच चिडली. इतकी वर्षं सांभाळलेला तिचा राग कसा सरळ होता. याने त्यात हे कालवून ठेवलं. आता हा मरेल आणि लोक आपल्याला भेटून याचंच वाक्य ऐकवतील, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"खबरदार," ती म्हणाली. "माझ्याबद्दल एक चांगला शब्द जरी काढलास तर."

दादाने तोंड भिंतीकडे वळवलं.

ती परत फिरली. वहिनी मागोमाग, "अगं, झालं काय? सांग तरी!" करत आली. बहिणीने समुपदेशक बाईंचं दार न वाजवताच उघडलं.

"ऑपरेशनची तारीख सांगा," ती म्हणाली. "आणि त्याला सांगून ठेवा, मी त्याच्याशी अजून बोलत नाही."