टाचेवरचं नख

दुपारी जेवणं उरकली की मागच्या खोलीतून शिलाई मशीनच्या पॅडलचा आवाज येतो. खट्-खटक, खट्-खटक. मशीनचा पट्टा कधीच तुटलाय, सुईही नाही, आणि चालवणारा माणूस जाऊन किती वर्षं झाली. तरी येतो. सुनेला विचारलं तर म्हणाली, "आई, शेजारच्यांचं वॉशिंग मशीन असेल." असेल बाई.

आमचे हे कपडे शिवायचे. सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणे. मशीनवर बसले की आधी चपला काढायचे, कितीही थंडी असो. म्हणायचे, "कापड हाताला कळतं, वेग तळव्याला. चपला घालून शिवायचं म्हणजे हातमोजे घालून जेवायचं."

साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, अनवाणी राहू नका, रोज तळवे बघत जा. मास्तरांना हसू आलं. "तळवे काय बघायचेत? ते काय लग्नाला आलेत?" पुढे तळवे हळूहळू मुके झाले, पण त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. वेग कानाने ओळखून मशीन चालवू लागले.

त्या सुमारास नाटकगृहाच्या पडद्यांचं काम आलं होतं. खोलीभर लाल मखमल. पॅडलखाली फरशीवर लालसर डाग दिसू लागले, तर म्हणाले, "कच्चा रंग आहे गं, घामाने सुटतोय." पॅडलची एक कड उचकटली होती आणि ती रोज त्यांचा तळवा कापत होती. दुखत नाही म्हणजे लागलेलं नाही, असा त्यांचा हिशेब. वास यायला लागला तेव्हा फार उशीर झाला होता. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं.

त्यानंतरचं मी कुणाला सांगितलेलं नाही. नसलेल्या पायाला खाज सुटायची त्यांच्या. "अगं, टाच खाजव जरा." मी पलंगाच्या पायथ्याशी बसून चादरीवरची रिकामी जागा खाजवायची. "तिथं नाही, बाजूला." मग चेहरा निवायचा त्यांचा. माझी बोटं तेव्हा खरंच कशाला लागत होती का, हे मला आजही सांगता येणार नाही.

आता साखर माझ्याकडे आलीय. दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं ते सगळं करते. कोमट पाणी कोपराने बघते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते, तळव्यांना तेल लावते पण बेचक्यांत नाही, चपला झटकून पायात घालते. फक्त आरसा खाली ठेवून तळवे बघायचे, तेवढं जमत नाही. आरशात मला धुकं दिसतं.

"आई, पाय बघू?" सून रोज विचारायची.

"बघितले मी."

"पाय बघितले की छत?"

"जा गं, तुझं काम कर."

पाय तिच्या मांडीवर द्यायचा म्हटलं की मला तो पलंग आठवायचा. एकदा दुसऱ्याने पाय हातात घेतला की तो आपला राहत नाही, असं मनाने धरलं होतं.

परवा आवाज आला तशी उठले आणि मागच्या खोलीत गेले. पॅडल स्थिर होतं. स्टुलावर बसले, चपलांसकट पाय पॅडलवर ठेवले. तेवढ्यात डाव्या टाचेला कुणीतरी नख लावलं. हळूच, ओळखीच्या माणसाने लावावं तसं. ज्या टाचेला गरम-गार कळत नाही, त्या टाचेला. वाकून पाहिलं, कुणी नव्हतं. नख मात्र एकाच जागी टेकून राहिलं, बोट दाखवावं तसं.

भुताची भीती नाही वाटली. भूत घरचंच होतं. भीती वाटली ती त्या जागेची.

"अगं ए!" मी ओरडले. "पाय बघ माझा!"

सून हातातलं टाकून धावत आली. "आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा?" म्हणत खाली बसली, चप्पल काढून पाय मांडीवर घेतला आणि टाच उजेडाकडे वळवली.

"आई, टाचेखाली फोड येऊन फुटलाय. आत ओलं आहे."

नव्या चपलेच्या आत शिवणीची गाठ राहिली होती. "मास्तरांच्याच बायकोला शिवण चावली," ती म्हणाली, पण हसली नाही. तशीच मला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी जखम साफ केली, पट्टी बांधली. "वेळेवर आलात, आजी. पाय वाचेल. पण बघितलं कुणी?"

"हिने," मी म्हटलं. सून माझ्याकडे बघत राहिली.

मग डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक दोरा घेतला. "डोळे मिटा. हा तळव्याला ठिकठिकाणी टेकवतो. कळलं की हो म्हणा."

मी डोळे मिटले. कितीतरी वेळ काहीच कळलं नाही. मग कळलं, अगदी स्पष्ट.

"हो," मी म्हटलं. "हो. हो."



"आजी," डॉक्टर म्हणाले, "दोरा मी केव्हाच खाली ठेवलाय."

सुनेने माझा हात घट्ट धरला. मी डोळे उघडले नाहीत.