बुडीमास्तर

“आधी बुडायचं, मग फिरायचं,” मी म्हटलं, तशी औषधाच्या दुकानवाल्या बाईंनी आपल्या इस्त्रीच्या पँटकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“बुडायचं म्हणजे?”

“इथं कमरेइतक्या पाण्यात कायाक उलटी करायची. डोकं खाली. शांतपणे तीन आकडे मोजायचे, पुढची लाल पट्टी ओढायची आणि बाहेर यायचं. असं तीनदा. मग तलाव तुमचा.”

“काका!” मागून मॅडमचा आवाज आला.

मॅडम म्हणजे बोटक्लबच्या मालकांची सून. वर्षभरापूर्वी कारभार तिच्या हाती आला. तलाव तिने पाहिलेला, पण ऑफिसच्या खिडकीतून. मी सव्वीस वर्षं याच पायऱ्यांवर लोकांना कायाक शिकवतोय. कायाक ही अरुंद नाव, माणूस तिच्यात पाय लांब करून कमरेपर्यंत बसतो. ती उलटली की तोही उलटतो. उलटणं टळत नाही, म्हणून मी पहिला धडा त्याचाच देतो. लोक मला बुडीमास्तर म्हणतात. चिडवायचं म्हणून सुरू झालं, पण मला ते आवडायचं. सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालचा एकही माणूस दगावला नव्हता, याचा मला फार माज होता. हो, माजच.

मॅडमनी आल्या आल्या ‘कोरडी सफर’ अशी पाटी लावली आणि परकर मागवले. परकर हे आमचं नाव. रबरी कापड कमरेला घालायचं आणि त्याची कड कायाकच्या तोंडावर ताणून बसवायची, म्हणजे मांडीवर थेंब येत नाही. पण जे पाण्याला आत येऊ देत नाही ते माणसालाही बाहेर पडू देत नाही. म्हणून पुढे लाल पट्टी असते. ती ओढली की परकर सुटतो. ती कायम बाहेर लोंबती हवी. कड बसवताना आत दुमडली गेली, तर पाण्याखाली उलट्या लटकलेल्या माणसाच्या हाताला काही लागत नाही. परकर बसवून झाला की पट्टीला एक हिसका द्यायचा, हा माझा नेम. जेवायला बसतानाही मी एकदा खुर्चीला असा हिसका दिला होता. बायको हसून हसून बेजार झाली.

“काका, लोक इथं भिजायला येत नाहीत,” मॅडम सगळ्यांदेखत म्हणाली. “फोटो काढायला येतात. किती वेळा सांगायचं? तुम्हाला जमत नसेल तर उद्यापासून खुर्च्या लावा. पाण्यावर मी दुसरं कुणी बघते.”

रांगेतलं कुणीतरी हसलं. बाईंनाही हसू आलं, पण त्यांनी ते लगेच गिळलं.

तिथं भांडायला हवं होतं. मी भांडलो नाही. मी रुसलो. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा, आणि रुसलो! घ्या तुमचं कोरडं, असं मनात म्हटलं. बाईंच्या लाइफ जॅकेटचे खांदे वर ओढून ते कानांपर्यंत सरकत नाही ना, एवढं सवयीने पाहिलं. परकर ताणून बसवला. आणि हिसका न देताच कायाक ढकलून दिली. माझ्या कायाकमध्ये बसून मीही निघालो, पण बाईंकडे पाठ करून.

बुडणारा माणूस ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्यात असतं. मला फक्त ‘धप्’ असा आवाज आला आणि वळून पाहिलं तर पिवळ्या कायाकचं पोट वर. मी वाट पाहिली. एक, दोन, तीन. मग आठवलं, मोजायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

वल्ही मारत पोचलो आणि उडी टाकली. पाण्याखाली हात घालून पट्टी चाचपली. पट्टी नव्हती. पुन्हा चाचपली. बाईंच्या हाताने माझं मनगट धरलं, मग ती पकड सैल झाली. ती सैल झालेली मला कळली. मी त्यांच्या कमरेजवळ कडेखाली बोटं घुसवली, नख मुळापासून उखडलं, पण कड सुटली. बाई बाहेर आल्या. जॅकेटने त्यांना वर आणलं, मी नाही.

पायऱ्यांवर आणून टाकलं तेव्हा त्यांना उलटी झाली, खोकला आला, मग रडू. मी त्यांच्या कमरेला लटकणाऱ्या परकराकडे पाहत होतो. लाल पट्टी आतल्या बाजूला व्यवस्थित घडी होऊन बसली होती. ती घडी माझ्या हातची होती.

लोक टाळ्या वाजवत होते.

“मॅडम, पट्टी आत राहिली होती,” मी ऑफिसात जाऊन सांगितलं. “माझ्या हातून.”

तिने दार लावून घेतलं. “हे माझ्याशी बोललात ते बोललात. परत कुणाशी बोलू नका, काका.”

बाईंच्या दुकानात गेलो. म्हटलं, “बाई, चूक माझी होती. मी तुम्हाला शिकवायला हवं होतं. पट्टी बघायला हवी होती.”

“केवढा तुमचा मोठेपणा!” त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आणून माझ्या बोटाला त्यांनी नवी पट्टी बांधली आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगितलं, “बघा, हेच ते.”

घरी बायकोने बोट पाहिलं. काय झालं, कसं झालं, काही नाही. एकच विचारलं, “पट्टी बाहेर होती ना हो?”

“नव्हती.”

तिने ताट वाढलं. समोर बसली. स्वतःचं ताट मात्र वाढून घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढीच शिक्षा मला मिळाली.

आठवड्यात क्लबच्या भिंतीवर मोठा फोटो लागला. मी बाईंना दोन्ही हातांवर उचलून पायऱ्या चढतोय. खाली लिहिलंय, ‘तुम्ही निश्चिंत राहा, आम्ही आहोत.’ परकर त्यात स्पष्ट दिसतो. ज्याला कळतं त्याला पट्टी कुठे नाही तेही दिसतं. मी सोडून तिथं कुणाला कळतं?

गर्दी वाढली, मॅडमनी आणखी एक शिक्षक ठेवला. महिन्याभराने बाई स्वतः आल्या, कॉलेजातल्या मुलीला घेऊन. “हिला तुमच्याच हाताखाली शिकायचंय.”

मला वाटलं, आता तरी कुणी शिकेल. म्हटलं, “ये. आधी बुडायचं.”

मुलगी हसली. “कशाला, काका? मी उलटले तर तुम्ही आहात ना!”

“तेच तर,” बाई म्हणाल्या. “मी तिला घरून निघतानाच सांगितलं, काळजीच नाही.”

मी बाईंकडे पाहिलं. पाण्याखाली ज्या हाताची पकड सैल झाली होती, तो हात आता मुलीचे केस नीट करत होता.

“तिने बुडी मारल्याशिवाय मी नाव ढकलणार नाही,” मी म्हटलं.

मॅडम बाहेर आली. या वेळी ओरडली नाही. आता मी भिंतीवर होतो, माझ्यावर ओरडून चालणार नव्हतं. तिने गोड हसून नव्या शिक्षकाला हाक मारली. त्याने परकर बसवला. मी वाकून पट्टी बाहेर काढली आणि हिसका दिला. परकर सुटला. त्याने वैतागून पुन्हा बसवला. मी मुलीचा हात धरून पट्टीवर ठेवला.

“हे लक्षात ठेव, बाळ. डोळे मिटूनही सापडली पाहिजे.”

“हो हो,” ती म्हणाली. हात सोडवून घेतला आणि आईने धरलेल्या फोनकडे पाहून वल्हं उंचावलं. नव्या शिक्षकाने कायाक ढकलली.

तासभर ती पुढे-मागे फिरली. उलटली नाही, हसत होती. मी कपड्यांनिशी छातीभर पाण्यात उभा होतो. पायऱ्यांवरून कुणीतरी आपल्या बायकोला मला दाखवत होतं. मी मात्र त्या लाल पट्टीवरून नजर हलवली नाही.